ऋषिकेशच्या योग महोत्सवात एकच दिवस मिळाला तर: पहाटेपासून आरतीपर्यंतचं नियोजन

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ऋषिकेशला आंतरराष्ट्रीय योग महोत्सव भरतो. परमार्थ निकेतन आश्रम १९९९पासून तो भरवत आला आहे. आठवडाभर पहाटे चारपासून रात्री नऊ-साडेनऊपर्यंत काही ना काही सुरू असतं, आणि त्यातलं बरंचसं गंगेच्या काठावर, उघड्या आभाळाखाली. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण हरिद्वार-मसुरीच्या सहलीला जोडून जातात. सात दिवस कुणाच्या हाताशी नसतात, मिळतो तो एखादा दिवस. हा लेख त्या एका दिवसासाठी आहे.

कार्यक्रमपत्रिका हातात पडली की पहिली अडचण सुरू होते. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी वर्ग असतात: कुठे अष्टांग, कुठे प्राणायाम, कुठे नादध्यान, कुठे आयुर्वेदावर व्याख्यान. एवढ्या लांब आलोय, पैसे भरलेत, मग काही सुटायला नको असं वाटतं. माणसं एका मांडवातून दुसऱ्या मांडवात धावत सुटतात आणि संध्याकाळी आरतीच्या पायऱ्यांवर बसून पेंगतात. दिवसभरात तीन वर्ग पुरेत, असं माझं ठाम मत आहे. हे तीन वर्ग निवडताना शिक्षकाच्या प्रसिद्धीपेक्षा दोन गोष्टींकडे बघा: ऊन कुठे असेल आणि पोटात काय असेल. उघड्यावरच्या योगाचा दिवस या दोनच गोष्टींवर उभा राहतो किंवा कोसळतो.

महोत्सव नेमका कोणता, ते आधी पक्कं करा

ऋषिकेशला याच सुमारास जवळपास एकाच नावाचे दोन महोत्सव होतात. एक परमार्थ निकेतनचा, गंगेच्या पूर्वेकडच्या काठावर, स्वर्गाश्रम भागात. दुसरा उत्तराखंड सरकारच्या पर्यटन खात्याचा आणि गढवाल मंडळ विकास निगमचा, पलीकडच्या काठावर मुनी की रेती इथे. दोघांच्या तारखा, नोंदणी आणि शुल्क वेगवेगळं. एकाची नोंदणी करून दुसऱ्याच्या दारात उभं राहायची वेळ आली, तर मधे अख्खी गंगा आहे. म्हणून नोंदणी करताना नावाबरोबर आयोजक कोण आणि जागा कोणती, हे वाचा.

तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, शुल्कही बदलतं. भारतीयांसाठी आणि परदेशी पाहुण्यांसाठी दर सहसा निराळे असतात आणि बऱ्याचदा राहणं-जेवण त्यातच धरलेलं असतं. तुम्हाला एकच दिवस हवा असेल तर जानेवारीतच आयोजकांना ईमेल करून तीन गोष्टी स्पष्ट विचारा: एका दिवसाचा प्रवेश आहे का, त्यात जेवण धरलंय का, आणि मॅट तिथे मिळते की आपली आणायची. संध्याकाळची गंगा आरती मात्र वर्षभर, सगळ्यांना खुली असते आणि तिला पैसे पडत नाहीत. कुणी त्यासाठी पास विकायला आलं, तर नमस्कार करून पुढे चला.

आदल्या दिवशी पोचा

रात्रभर प्रवास करून सकाळी थेट वर्गात बसू नका. पाठ आखडलेली, पोट बिघडलेलं आणि झोप अर्धवट, अशा शरीराला पुढे वाकायला लावलं तर ते दुखावतं. दुपारपर्यंत ऋषिकेशला पोचायचं, संध्याकाळी काठावर एक फेरी मारायची, हलकं जेवून नऊला झोपायचं.

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून हरिद्वारला थेट वातानुकूलित गाडी आहे. नाहीतर दिल्ली गाठून तिथून जनशताब्दी किंवा वंदे भारतने हरिद्वार. हरिद्वारहून ऋषिकेश साधारण २५ किलोमीटर. ऋषिकेशमध्ये योगनगरी ऋषिकेश नावाचं नवं स्टेशनही झालंय, पण तिथे येणाऱ्या गाड्या कमी. विमानाने आलात तर डेहराडूनचा जॉली ग्रँट विमानतळ ऋषिकेशपासून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे, खुद्द डेहराडून शहरापेक्षाही जवळ.

परमार्थच्या महोत्सवासाठी मुक्काम स्वर्गाश्रमाच्या बाजूलाच घ्या. राम झुला आणि २०२०मध्ये सुरू झालेला जानकी सेतू हे दोन पूल दोन्ही काठ जोडतात, पण तुमची टॅक्सी त्यांवरून पलीकडे जात नाही. सामान घेऊन पूल पायी ओलांडावा लागतो, म्हणून चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा पाठीवरची पिशवी बरी. पहाटे चारच्या अंधारात पलीकडच्या काठावरून चालत येण्याचा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात तो फसतो. जुन्या लेखांत लक्ष्मण झुल्याचे रस्ते सांगितलेले दिसतील, पण तो पूल २०२०मध्येच बंद झालाय.

पिशवीत काय असावं

ऋषिकेश हिमालयाच्या पायथ्याशी असलं तरी समुद्रसपाटीपासूनची उंची चारशे मीटरच्या आतच आहे. म्हणजे ते आपल्या पुण्यापेक्षाही सखल. त्यामुळे विरळ हवेची काळजी नको. काळजी घ्यायची ती वाऱ्याची. रात्री वरचे डोंगर थंड होतात, तिथली गार हवा जड होऊन दरीतून खाली उतरते आणि गंगेच्या पात्रावरून सरळ घाटावर येते. मार्चमध्ये पहाटेचं तापमान बारा-तेरा अंशांच्या आसपास असतं, पण या वाऱ्यात ते अंगाला बरंच कमी वाटतं. सूर्य वर आला की वारा मंदावतो, आणि दुपारी पारा २७-२८पर्यंत चढतो. एकाच दिवसात महाबळेश्वरची पहाट आणि मुंबईची दुपार, असं समजून कपडे घ्या.

थर महत्त्वाचे. आत सुती, घाम टिपणारं. वर पूर्ण बाह्यांचं. त्यावर स्वेटर किंवा जॅकेट, आणि सगळ्यात वर शाल. शाल विसरू नका. ती पहाटे पांघरता येते, ध्यानाला बसताना कमरेखाली घडी करून घेता येते, शवासनात अंगावर ओढता येते आणि दुपारी डोक्यावर घेता येते. कान झाकायला मफलर किंवा टोपी. पायमोजे दोन जोड, कारण घाटाच्या पायऱ्या पहाटे दवाने ओल्या असतात आणि एक जोड हमखास भिजतो. चपला अशा घ्या की वाकल्याशिवाय काढता-घालता येतील. दिवसातून वीसेक वेळा तरी ते काम करावं लागतं.

मॅट स्वतःची न्या, पण फार पातळ नको. दगडी फरशीवर चार मिलिमीटरच्या मॅटवर गुडघा टेकला की कळ येते. सोबत एक पंचा ठेवा. दवाने मॅट निसरडी होते, ती पुसायला आणि गुडघ्याखाली घडी करून ठेवायला त्याचा उपयोग होतो. वाऱ्याने मॅटचे कोपरे उलटतात, तेव्हा वरच्या दोन कोपऱ्यांवर पाण्याची बाटली आणि पिशवी ठेवून द्या. पुण्याच्या अय्यंगार पद्धतीत शिकलेल्यांना दोर, ठोकळे, तक्के यांची सवय असते; काठावर यातलं काही हाताशी नसतं. तिथे घट्ट गुंडाळलेली चादर आणि एखादा पट्टा यांवर भागवावं लागतं आणि ते भागतं.

खायला राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले चणे. पिशवी बंद होणारी हवी, कारण स्वर्गाश्रमात माकडं आणि गाई दोन्ही आहेत आणि दोघांनाही पिशवीतला वास कळतो. माकडासमोर खाणं बाहेर काढू नका. त्याने हात घातलाच तर ओढाताण न करता सोडून द्या.

पहाट: पहिला वर्ग, रिकाम्या पोटी

पहाटे चारच्या कुंडलिनी साधनेची शिफारस मी एका दिवसाच्या पाहुण्याला करत नाही. आठवडाभर राहणाऱ्याची झोप दोन दिवसांत त्या वेळेला सरावते, तुमची सरावणार नाही. पाचला उठा, प्रातर्विधी उरका, कोमट पाणी प्या. चहाशिवाय चालतच नसेल तर अर्धा कप घ्या, पण बिस्किटं नकोत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऋषिकेशला सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. डोंगरांमुळे प्रत्यक्ष ऊन काठावर यायला आणखी वेळ लागतो.

सहा-साडेसहाला सुरू होणारा आसनांचा वर्ग निवडा. हा दिवसातला सगळ्यात मोलाचा वर्ग आहे, कारण पोट रिकामं असतं आणि हळूहळू चढणारा उजेड व ऊब शरीराला आपोआप मोकळं करत नेतात. जागा निवडताना मंचाजवळ जायची घाई करू नका. पाठीमागे भिंत किंवा झाडाचा आडोसा असेल अशी कडेची जागा बघा. वारा कमी लागतो आणि मधेच उठावं लागलं तर कुणाला ओलांडावं लागत नाही.

थंडीत स्नायू ताठर असतात. शिक्षक लगेच सूर्यनमस्काराकडे वळले तरी तुम्ही पहिले दोन-तीन नमस्कार अर्ध्या ताकदीने घाला: गुडघे वाकवून पुढे वाका, भुजंगासनात छाती कमी उचला. शेजारी स्पेनहून आलेली पंचविशीतली शिक्षिका मांडीवर कपाळ टेकवत असते. तिच्याकडे बघून आपलं वाकणं ठरवू नका. ओल्या फरशीवर उडी मारून मागे जाऊ नका, एकेक पाय मागे न्या. वृक्षासनासारख्या तोलाच्या आसनात नजर गंगेच्या वाहत्या पाण्यावर ठेवलीत तर तोल जातो; पलीकडच्या काठावरची एखादी खिडकी किंवा कळस धरा.

शवासनात अंगावर शाल ओढून घ्या. घाम आलेलं अंग त्या वाऱ्यात दोन मिनिटांत गार पडतं आणि दुसऱ्या दिवशी मान धरते. शवासनात कुणाचे फोटो काढू नका आणि आपले काढू देऊ नका.

प्रकृतीच्या तक्रारी असतील तर हे आधी वाचा

महोत्सवातला वर्ग म्हणजे शे-दोनशे माणसं आणि एक शिक्षक. घराजवळच्या वर्गातल्या बाईंना तुमची कंबर माहीत असते, इथल्या शिक्षकाला काहीच माहीत नसतं. म्हणून काय करायचं नाही याची यादी तुमच्याच डोक्यात हवी.

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार किंवा पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया असेल, तर कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणारे कुंभक टाळा. गरोदरपणातही हे नको. त्याऐवजी डोळे मिटून शांतपणे अनुलोम-विलोम करा, कुणी हरकत घेणार नाही. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन आणि डोकं बराच वेळ खाली ठेवायला लावणारं काहीही करू नका. डोळ्यातला दाब वाढतो. मानेच्या स्पाँडिलोसिसवाल्यांनीही शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. आणि ज्यांना ते घरी येतं त्यांनाही माझी विनंती आहे की अनोळखी, उताराच्या जागेवर ते करू नका.

वेगाने श्वास घेण्याचे प्रकार या महोत्सवांत बरेच असतात. असा श्वास पाच-दहा मिनिटं चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हात आखडतात, डोकं हलकं होतं. हे काही दैवी घडतंय असं कुणी म्हणालं तरी तुम्ही घाबरूही नका आणि हुरळूनही जाऊ नका. डोळे उघडा, श्वास नेहमीच्या गतीवर आणा, तळवे जमिनीला टेकवा. काही मिनिटांत उतार पडतो. पडला नाही तर स्वयंसेवकाला हाक मारा. कधी कधी श्वसनात किंवा कीर्तनात रडू येतं. ते येऊ द्यावं. बाहेर येऊन सावलीत बसावं, पाणी प्यावं आणि पुढच्या वर्गाला सरळ रजा द्यावी.

काही शिक्षक आसन सुधारण्यासाठी हात लावतात. तुम्हाला नको असेल तर सुरुवातीलाच सांगा, किंवा ते जवळ आल्यावर हाताने खूण करा. ‘नको’ एवढं पुरे, कारण द्यायची गरज नाही. आई किंवा सासूबाई सोबत असतील आणि खाली बसणं जमत नसेल, तर स्वयंसेवकाकडे खुर्ची मागा. खुर्चीवर बसून खांद्यांच्या हालचाली, वळणं, प्राणायाम आणि ध्यान सगळं होतं. त्यांना घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर मात्र एकटं उतरू देऊ नका.

नाश्ता आणि दुसरा वर्ग

वर्ग संपल्यावर अर्धा तास थांबून खा. आश्रमातलं जेवण सात्त्विक, बहुधा कांदा-लसणाशिवाय असतं: दलिया, खिचडी, उसळ, फळं. बाहेरच्या गल्लीत आलू-पुरी आणि कचोरी तळली जात असते आणि वास फार सुरेख येतो. खायची असेल तर संध्याकाळी खा. सकाळी तळलेलं पोटात गेलं तर दुसरा वर्ग ढेकरांत जातो. ऋषिकेशच्या तीर्थक्षेत्राच्या भागात मांस आणि मद्य मिळत नाही, तेव्हा त्या वाटेला जाण्याचा प्रश्नच नाही.

आता पोट भरलेलं आहे. पुढचे तीन तास आसनं नकोत. म्हणून दुसरा वर्ग बसायचा घ्या: प्रवचन, ध्यान, मंत्रोच्चार किंवा आयुर्वेदावरचं व्याख्यान. साधारण साडेनऊ ते अकरा ही वेळ त्यासाठी उत्तम. ऊन अजून हवंहवंसं असतं.

व्याख्यानाला बसलात तर कान उघडे ठेवा आणि बुद्धीही. अमुक आसनाने मधुमेह मुळापासून जातो, अमुक मुद्रेने गाठ विरघळते, अशी विधानं व्यासपीठावरून होतात. योगाचा दावा तपासून बघायची परंपरा आपल्याकडेच शंभर वर्षांची आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं ते आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजण्यासाठी. त्याच परंपरेतली माणसं आपण. चालू असलेली गोळी व्याख्यान ऐकून बंद करायची नाही, आपल्या डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवायचं.

महोत्सवाच्या दिवसांत गावभर दोनशे तासांच्या योगशिक्षक प्रशिक्षणाच्या पाट्या लागलेल्या असतात. शवासनातून उठलेलं मन फार उदार असतं. आजच नाव नोंदवा, सवलत मिळेल, असं कुणी म्हणालं की हात खिशाकडे जातो. त्या दिवशी कशाचेही पैसे भरू नका. पत्रक घ्या, घरी न्या, आठवड्याने परत वाचा. तेव्हाही हवंसं वाटलं तर नक्की करा.

दुपार मोकळी ठेवा

अकरा ते साडेतीन हा वेळ मला या दिवसात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच बहुतेक जण वर्गांनी भरून टाकतात. इथे काहीही नोंदवू नका.

बाराच्या सुमारास जेवा. वरण-भात, भाजी, पोळी, जमलं तर ताक. भुकेपेक्षा जास्त जेवू नका. मग तासभर पडा: खोलीत, नाहीतर झाडाखाली, डोळ्यांवर शाल घेऊन. झोप लागली तर लागू द्या, पण गजर लावा, कारण पहाटे उठलेल्या माणसाची डुलकी सहज संध्याकाळपर्यंत जाते.

उठल्यावर काठाने चाला. स्वर्गाश्रमापासून वरच्या अंगाला गेलात की वाळूचे लहान लहान पट्टे लागतात. वाळू पांढरी, बारीक, आणि तिच्यात अभ्रकाचे कण असल्याने उन्हात चमचमते. हातावर घेतली तर झटकल्यावरही चकाकी राहते. मोठे गोल गोटे असतात, त्यांतला दुपारी तापलेला एखादा बघून त्यावर पाठ टेकून बसा. कमरेला जो शेक मिळतो त्याला तोड नाही. इथे बसून काहीही करायचं नाही: ना जप, ना ध्यान, ना मोबाइल. पाण्याचा आवाज मोठा असतो, बोलायचीही गरज पडत नाही.

पाण्याबद्दल मात्र कडक राहा. मार्चमध्ये गंगा हिरवट-निळी, स्वच्छ आणि शांत दिसते. ती शांत नाही. वितळलेल्या बर्फाचं पाणी अंगावर येताच श्वास अडकतो, तळाचे गोटे निसरडे असतात आणि काठापासून चार पावलांवर ओढ सुरू होते. वर धरणं आहेत, पाणी सोडलं की पातळी चढते. आंघोळ करायची तर बांधलेल्या घाटावर, साखळी धरून, कमरेपेक्षा खोल पाण्यात न उतरता. वाळूच्या एका पट्ट्याला तिथे लोक ‘गोवा बीच’ म्हणतात. नावावर जाऊ नका, तिथे पोहायला उतरलेली माणसं वाहून गेली आहेत. पोहणाऱ्यालाही तिथे पोहायचं नाही. पाय बुडवून बसा, तेवढं पुरेसं आहे.

चालायची हौस असेल तर चौरासी कुटिया बघता येते. महर्षी महेश योगींचा हा जुना आश्रम; १९६८ साली बीटल्स हा इंग्लंडचा प्रसिद्ध बँड इथे येऊन राहिला. बरीच वर्षं ओसाड पडला होता, २०१५च्या डिसेंबरात तो लोकांसाठी उघडला. परमार्थ निकेतनपासून काठाकाठाने चालत जाता येतं. नदीतल्या गोट्यांनी मढवलेल्या घुमटासारख्या ध्यानकुटी रांगेने उभ्या आहेत आणि मधे जंगल शिरलंय. तो भाग राजाजी व्याघ्र प्रकल्पात येतो म्हणून तिकीट असतं, संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर पडावं लागतं आणि खाणं बाहेर काढू नये. पण हे केलं तर वाळूवरची बैठक हुकते. दोन्ही कोंबायचा प्रयत्न करू नका. मी वाळू निवडेन.

तिसरा वर्ग

साडेतीन-चारला ऊन कलतं, दुपारचं जेवण जिरलेलं असतं. आता एक सौम्य वर्ग: योगनिद्रा, संथ आसनं किंवा नादध्यान. जड आसनांचा मोह टाळा; पहाटेची ताण बसलेली मांडी आता दुखायला लागलेली असते.

पहिल्यांदा गेलेल्याला मी योगनिद्रा सुचवेन. तिची आज रुळलेली पद्धत स्वामी सत्यानंदांनी घडवली. ते ऋषिकेशच्याच स्वामी शिवानंदांचे शिष्य, आणि शिवानंद आश्रम समोरच्या काठावर मुनी की रेतीला आहे. या वर्गात काही जमायचा प्रश्नच नसतो: पाठीवर पडायचं आणि सांगतील त्या अवयवाकडे लक्ष न्यायचं. गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी ठेवा, कंबर जमिनीला टेकते. पायांत मोजे घाला. घोरायला लागलात तर शेजाऱ्यांनी हलवावं, असं आधीच सांगून ठेवा.

नादध्यानात धातूचे मोठे वाडगे आणि घंटा वाजतात, त्यांची कंपनं अंगातून जाणवतात. अर्धशिशीचा त्रास असेल किंवा कानाचं यंत्र वापरत असाल तर लांब बसा. गरोदर असाल तर हा वर्ग सोडा.

आरती

मार्चच्या मध्यात सूर्यास्त सव्वासहा-साडेसहाला होतो आणि आरती त्याच सुमारास. पाच वाजता घाटावर या. चपला जमा करायची जागा असते तिथेच द्या, नाहीतर पिशवीत घालून जवळ ठेवा. काठावर सोडलेल्या चपला गर्दीत सापडत नाहीत. पायऱ्यांवर मधल्या उंचीवर बसा. अगदी खाली बसलात तर पाय भिजतात आणि वर बसलात तर पुढच्यांचे मोबाइलच दिसतात. स्वेटर, शाल परत अंगावर घ्या. सूर्य गेला की वारा पुन्हा सुरू होतो.

आधी होम होतो, मग आश्रमातले ऋषिकुमार भजनं म्हणतात, आणि काळोख पडू लागला की अनेक वातींचे मोठे पितळी दिवे पेटतात. हे दिवे लोकांच्या हातातून फिरतात. दांडा तापलेला असतो, म्हणून धरायचा हात ओल्या फडक्यात गुंडाळतात. तुमच्यापर्यंत दिवा आला तर आधी ओढणी, पदर आणि मोकळे केस मागे घ्या, मग दोन्ही हातांनी धरा आणि सावकाश फिरवा. तेल-तुपाचे थेंब पडतात, खाली कुणी बसलंय का ते बघा. आणि त्या वेळी तरी मोबाइल खिशात राहू द्या. सोबतच्या कुणाला फोटो काढायचाच असेल तर एक काढावा आणि थांबावं.

पाण्यात दिवा सोडायचा असेल तर पानांच्या द्रोणातला, फुलं आणि वात असलेला घ्या. थर्माकोलच्या वाटीतला किंवा चकचकीत कागद लावलेला घेऊ नका. तो द्रोण पुढच्या वळणावर कुठेतरी काठाला लागणारच आहे, आणि तिथे काय उरावं हे घेतानाच ठरतं.

आरती संपली की सगळी गर्दी एकदम राम झुल्याकडे निघते आणि त्या अरुंद पुलावर माणसाला माणूस घासतो. पलीकडे जायचं असेल तर वीस-पंचवीस मिनिटं पायऱ्यांवरच बसून राहा, किंवा जानकी सेतूची वाट धरा. पलीकडे उतरल्यावर रिक्षा आणि लोक ज्याला विक्रम म्हणतात त्या मोठ्या तीनचाकी मिळतात. रात्री आठच्या पुढे त्या कमी होत जातात, म्हणून जेवणाआधी पलीकडे जाऊन घ्या. रात्री कीर्तनाचा कार्यक्रम असतो. अंगात ताकद असेल तर अर्धा तास बसा. तो चौथा वर्ग धरू नका, टाळ्या वाजवायला कसली तयारी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आणि घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांडीची मागची बाजू दुखणार. पूर्ण विश्रांती घेण्यापेक्षा पंधरा मिनिटं चाला आणि सावकाश दोन-तीन सूर्यनमस्कार घाला, रक्त फिरतं आणि दुखणं लवकर ओसरतं. टोचल्यासारखी, एकाच सांध्यातली कळ असेल तर मात्र आसनं थांबवा आणि दोन-चार दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उठून डब्यात फेरी मारा.

घरी परतल्यावर त्या दिवसातली एकच गोष्ट उचला. तीन वर्गांपैकी ज्यात वेळ कसा गेला हे कळलं नाही, ती. आसनं असतील तर सकाळी चहाआधी, योगनिद्रा असेल तर दुपारी किंवा झोपण्यापूर्वी, रोज वीस मिनिटं. गच्ची असेल तर गच्चीवर, नसेल तर खिडकी उघडून. मॅट गुंडाळून कपाटात टाकू नका, दिवाणाशेजारी उभी ठेवा. महिनाभर हे टिकलं तर आपल्या गावातला एखादा नियमित वर्ग शोधा, शिकवणाऱ्यांना आपले आजार सांगा आणि तिथून पुढे त्यांच्या देखरेखीखाली शिका.